८ ऑगस्ट १८२९ : मेंडेल्सोन, क्लिंगेमान आणि स्टॅफा बेट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापुढे अटलांटिक महासागरात विखुरलेल्या हेब्रिडीज या द्वीपसमूहात, मल नावाच्या मोठ्या बेटाच्या पश्चिमेस, स्टॅफा हे एक लहानसे बेट आहे. त्याची लांबी सुमारे एक किलोमीटर, रुंदी अर्धा किलोमीटर, सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ४२ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३३ हेक्टर, म्हणजे ८० एकरांहून थोडे अधिक. बेटावर आज मनुष्यवस्ती नाही, धक्का म्हणावा अशी मोठी सोय नाही, आणि समुद्र खवळलेला असेल तर तेथे उतरताही येत नाही. तरीही गेली अडीचशे वर्षे कवी, चित्रकार, भूशास्त्रज्ञ आणि हौशी प्रवासी या खडकाकडे सतत धाव घेत आले आहेत. ८ ऑगस्ट १८२९ रोजी या प्रवाशांत दोन जर्मन मित्र होते. त्यांपैकी फेलिक्स मेंडेल्सोन हा वीस वर्षांचा संगीतकार होता, आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला कार्ल क्लिंगेमान हा हॅनोव्हर राज्याच्या लंडनमधील वकिलातीत नोकरी करणारा, कविता रचणारा गृहस्थ होता. या सहलीतून ‘हेब्रिडीज’ ही सुमारे दहा मिनिटांची वाद्यवृंदरचना जन्मली, जी जगभर ‘फिंगलची गुहा’ या दुसऱ्या नावाने अधिक ओळखली जाते. गुहा पाहिली आणि सूर सुचले, अशी या रचनेची जन्मकथा कार्यक्रमपत्रिकांत वारंवार छापली जाते. या दोघांच्या पत्रांवरच्या तारखा मात्र वेगळेच सांगतात, आणि जे सांगतात ते त्या लोकप्रिय कथेपेक्षा पुष्कळच चित्तवेधक आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. १७४६ मधील कलोडनच्या लढाईनंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळांची जुनी सत्ता मोडली आणि ज्या प्रदेशाची एरवी धास्ती वाटे तो बाहेरच्यांना पाहण्याजोगा वाटू लागला. १७६० च्या दशकात जेम्स मॅक्फर्सन याने ‘ओसियन’ नावाच्या प्राचीन गेलिक कवीची म्हणून जी काव्ये प्रसिद्ध केली, त्यांच्या अस्सलपणावर डॉ. सॅम्युएल जॉन्सनसारख्या इंग्रज साहित्यिकांनी उघड अविश्वास दाखवला असला तरी त्यांतील फिंगल हा वीरनायक युरोपभर, विशेषतः जर्मनीत, घराघरांत पोहोचला. १८२० च्या दशकात वाफेच्या बोटी या किनाऱ्यावर फिरू लागल्या आणि स्टॅफा व आयोना ही दोन बेटे एकाच दिवसात दाखवणारी सहल रूढ झाली. दोघे मित्र निघाले ते याच सहलीला.

बेटाचे आकर्षण त्याच्या खडकात आहे. स्टॅफाचा कडा तीन थरांचा असून तळाशी ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला खडक, मध्ये उभ्या, बहुकोनी, एकमेकांस घट्ट चिकटलेल्या काळ्या स्तंभांची रांग आणि वर वेड्यावाकड्या भेगांचा जाड थर अशी त्याची रचना आहे. मधला आणि वरचा थर बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेल्या त्याच काळ्या कातळाचा आहे, ज्याने महाराष्ट्राचे पठार आणि सह्याद्री घडवले. लाव्हाचा जाड प्रवाह थंड होताना आकसतो. आकसण्याचा ताण कोणत्याही एका दिशेने अधिक नसल्यामुळे, आटलेल्या तळ्याच्या गाळावर पडतात तशा, भेगा सर्व बाजूंनी पडतात आणि १२० अंशांच्या कोनांत एकमेकींना मिळून षटकोनाकडे झुकणारे आकार तयार करतात. प्रवाहाचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग आधी निवतो, तेथून भेगा आत आत सरकत जातात आणि मागे स्तंभ उरतात. निवण्याचा वेग जितका मंद तितके स्तंभ जाड, असा साधारण नियम आहे. या भेगा नेमक्या किती तापमानाला पडतात हे बराच काळ अनिश्चित होते. २०१८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी आइसलँडमधील बेसॉल्टवर प्रयोग करून हे तापमान ८४० ते ८९० अंश सेल्सियसच्या दरम्यान असल्याचे दाखवले. म्हणजे खडक डोळ्यांना लालभडक दिसत असतानाच, घट्ट झाल्यावर थोड्याच अवधीत, तो तडकू लागतो.

स्टॅफाचा लाव्हा उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला त्या काळातला, सहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आयर्लंडमधील प्रसिद्ध ‘जायंट्स कॉजवे’ हाही त्याच ज्वालामुखी-प्रदेशाचा भाग. दख्खनचे मुख्य उद्रेक याच्या थोडे आधीचे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे ६० मीटर उंचीचा उभा कातळ आहे, ज्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. तेथील खडकाचे लांबच लांब स्तंभ आणि कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथील स्तंभ हे स्टॅफाच्या स्तंभांचे जवळचे नातलग ठरतात. फरक असा की स्टॅफाचा खडक अखंडपणे समुद्राच्या माऱ्यात राहिला, आणि त्यावर शोधनिबंधांबरोबर काव्ये व सुरावटीही रचल्या गेल्या; गिल्बर्ट हिलभोवती मात्र इमारतींचा गराडा पडला आणि मुंबईकरांपैकी पुष्कळांना आपल्या शहरात असे काही आहे याची खबरही नाही. ही उपेक्षा क्लेशदायक आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही.

स्टॅफाच्या दक्षिण टोकाला समुद्राने स्तंभांच्या रांगेतील दुबळी जागा हेरून जी पोकळी कोरली, तीच फिंगलची गुहा होय. ती सुमारे ७० मीटर खोल आणि सुमारे २० मीटर उंच असून तिच्या दोन्ही भिंती स्तंभांच्या आहेत, आणि छताला खालून तुटलेल्या स्तंभांची टोके दिसतात. तळाशी कायम समुद्र आहे. लाट आत शिरली की कोंडलेली हवा दबते आणि खोल, घुमणारा आवाज उठतो. तुटक्या स्तंभांच्या माथ्यांवरून, कड्याला बसवलेल्या कठड्याचा आधार घेत, काही अंतरापर्यंत आत चालत जाता येते. गुहेच्या पूर्वेला ‘बुआखल’, म्हणजे गुराखी, या नावाचा स्तंभांचाच एक छोटा खडक समुद्रात उभा आहे, आणि त्यापलीकडच्या क्लॅमशेल गुहेजवळ तर स्तंभ चक्क कमानीसारखे वाकलेले आहेत. भेगा नेहमी निवत्या पृष्ठभागाला काटकोनात पडतात, त्यामुळे तो पृष्ठभाग जेथे वळला तेथे स्तंभही वळले, हे येथे पुस्तकाशिवाय समजते.

या बेटाची कीर्ती जगापुढे आणली ती जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने. कॅप्टन कुकबरोबरच्या पृथ्वीप्रदक्षिणेवरून परतलेला बँक्स ऑगस्ट १७७२ मध्ये आइसलँडला निघाला असता मलच्या खाडीत थांबला, तेथे त्याला या स्तंभांविषयी कळले आणि तो वाट वाकडी करून स्टॅफावर गेला. त्याने सोबतच्या चित्रकारांकडून कड्यांची चित्रे काढून घेतली, मापे घेतली, आणि त्याचा वृत्तांत थॉमस पेनंटच्या १७७४ मधील स्कॉटलंड-प्रवासवर्णनात छापला गेला. शेजारच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना आणि गुराख्यांना ही गुहा अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बँक्सच्या वेळी बेटावर राहणारी माणसेही होती. त्यामुळे बँक्सने स्टॅफाचा ‘शोध’ लावला असे म्हणणे योग्य नाही. त्याने ते विद्वानांच्या नकाशावर आणले, इतकेच. बेसॉल्ट हा पाण्यात साचून बनतो की अग्नीतून, हा त्या काळच्या भूशास्त्रातील मोठा वाद होता. फ्रान्समध्ये निकोला देमारे याने ज्वालामुखीच्या बाजूने पुरावे मांडले होते, आणि १७८४ मध्ये फोजास द सां-फों हा दुसरा फ्रेंच अभ्यासक खास याच कुतूहलाने स्टॅफावर येऊन गेला.

बँक्सच्या काळात हे बेट शेजारच्या अल्वा बेटावरील मॅक्वॉरी घराण्याच्या मालकीचे होते, आणि येथे एक आडवाट घेण्याचा मोह आवरत नाही, कारण ती थेट मुंबईला येते. १७६२ मध्ये अल्वावर जन्मलेला लॅखलन मॅक्वॉरी पुढे न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात अजरामर झाला. पण त्याआधी अनेक वर्षे तो ब्रिटिश पलटणीत हिंदुस्थानात होता, १७९३ मध्ये त्याने मुंबईत जेन जार्विस हिच्याशी लग्न केले, ती १७९६ मध्ये मकाव येथे क्षयाने वारली तेव्हा तिचे शव त्याने मुंबईला आणून पुरले, आणि मलवर घेतलेल्या आपल्या जहागिरीला तिच्या स्मरणार्थ ‘जार्विसफील्ड’ असे नाव दिले. हेब्रिडीजमधील दारिद्र्याने आपली मुले साम्राज्याच्या चाकरीत किती दूरवर पाठवली, याचे हे एक उदाहरण आहे.

मेंडेल्सोन आणि क्लिंगेमान यांच्या सहलीकडे वळताना त्या वर्षाचा विचार करावा लागतो. ११ मार्च १८२९ रोजी मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे विस्मृतीत गेलेले धार्मिक संगीत पुन्हा सादर केले आणि अवघ्या महिन्याभरात तो लंडनला रवाना झाला. मैफिलींचा हंगाम संपल्यावर जुलैत दोघे मित्र उत्तरेला निघाले. एडिंबरोत ३० जुलैच्या सायंकाळी होलीरूड राजवाड्याशेजारच्या छप्पर नसलेल्या प्रार्थनामंदिरात मेंडेल्सोनला एका सिंफनीची, म्हणजे अनेक भागांच्या विस्तृत वाद्यवृंदरचनेची, सुरुवात सुचली. ती ‘स्कॉटिश सिंफनी’ पूर्ण व्हायला १८४२ उजाडले. दुसऱ्या दिवशी दोघांनी ॲबट्सफर्डला जाऊन कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटची भेट घेतली, पण स्कॉट घराबाहेर पडण्याच्या घाईत होता आणि दूरच्या पाहुण्यांना किरकोळ गप्पांपलीकडे काही लाभले नाही. पुढे घोडागाडीने, बोटीने आणि पायी, बहुतेक वेळ पावसात भिजत, त्यांनी डोंगराळ भाग पार केला.

या प्रवासाची नोंद दोघांनी मिळून ठेवली, हे विशेष लक्षात घ्यायला हवे. बर्लिनला जाणाऱ्या पत्रांत क्लिंगेमान खेळकर वर्णन लिहीत असे, मेंडेल्सोन मजकूर जोडत असे आणि स्वतंत्रपणे पेन्सिलीने निसर्गचित्रे काढत असे. लहानपणापासून चित्रकलेचे शिक्षण मिळाल्यामुळे ती चित्रे हौशी माणसाच्या मानाने फारच काटेकोर आहेत. ७ ऑगस्टला ओबन येथे त्याने डनॉली किल्ल्याचे चित्र काढले, ज्यात पुढे झाडाची गर्द आकृती आणि मागे समुद्रापलीकडे हेब्रिडीज व मॉर्व्हनचे धूसर डोंगर आहेत. त्याच दिवशी दोघे बोटीने मल बेटावरील टोबरमोरी या बंदरात पोहोचले. त्या तारखेच्या घरच्या पत्रात, हेब्रिडीजचा आपल्यावर किती विलक्षण परिणाम झाला हे कळावे म्हणून, त्याने शब्दांऐवजी सुरावट लिहून पाठवली. ही सुरावट २१ बारांची आहे. बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनात उभ्या रेघांनी वेगळा केलेला ठरावीक मात्रांचा गट. कोणते वाद्य कोठे वाजावे याच्या खुणाही तेथे आहेत, आणि आज जगभर वाजवली जाणारी सुरुवात जवळपास तशीच्या तशी तेथे उतरली आहे.

स्टॅफाला बोट पोहोचली ती दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला. म्हणजे ‘फिंगलची गुहा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या रचनेचा प्रारंभ गुहा पाहण्याच्या आदल्या दिवशीच कागदावर आलेला होता. तो ज्यातून आला ते सारे त्या दिवशीच्या चित्रात आणि प्रवासात आहे: खाडीचे पाणी, ढगाआड जाणारे डोंगर, मिटत-उघडत जाणारे क्षितिज. प्रस्तुत लेखकाच्या मते या रचनेचे खरे नाव ‘हेब्रिडीज’ हेच असून ‘फिंगलची गुहा’ हे नाव ऐकणाऱ्याची वाट चुकवते, कारण मग तो प्रत्येक घुमाऱ्यात गुहेची भिंत शोधू लागतो आणि उघड्या समुद्राची अफाट रुंदी, जी पहिल्या स्वरापासून तेथे आहे, त्याच्या कानांतून निसटते.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी समुद्र उग्र होता. मेंडेल्सोनला बोट इतकी लागली की, समुद्राशी त्याचे संगीतकार म्हणून जितके जमते तितके पोटाच्या बाबतीत जमत नाही, अशा आशयाचा शेरा क्लिंगेमानने १० ऑगस्टला ग्लासगोहून लिहिलेल्या पत्रात मारला. गुहेचे वर्णनही क्लिंगेमानचेच आहे. लहान होड्यांतून उतरून, स्तंभांच्या तुटक्या माथ्यांवरून धडपडत सारे आत गेले, आणि त्याला ती गुहा एखाद्या प्रचंड ऑर्गनच्या अंतर्भागासारखी, काळी, निनादणारी आणि कोणत्याही हेतूविना एकटी पडलेली वाटली. बोटीवर ८२ वर्षांची एक वृद्धाही होती. मरण्यापूर्वी स्टॅफा पाहायचेच, या ओढीने ती थंड वाऱ्यात बोटीच्या धुराड्याला टेकून ऊब घेत बसली होती. खुद्द मेंडेल्सोनने या गुहेविषयी त्या दिवसांत जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्या काही तासांचे शब्द सोबत्याने जपले, सूर आदल्या दिवशीच लिहून झाले होते. मित्राबरोबर केलेल्या सहलीत एकाचे निसटलेले दुसऱ्याच्या हाती लागते, ते येथे असे लागले. बोट पुढे आयोनाला गेली, जेथे इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने मठ स्थापला होता आणि जेथे स्कॉटलंडचे अनेक प्राचीन राजे पुरले आहेत अशी परंपरा सांगते. परतीला उशीर झाला आणि मंडळींना रात्र बोटीवर काढावी लागली.

या भागातील काही नामांकित प्रवासीही असेच जोडीने आले, हा योगायोग रंजक आहे. १७७३ च्या शरदात जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल स्टॅफाजवळून गेले, पण समुद्राने त्यांना उतरू दिले नाही. जुलै १८१८ मध्ये कवी जॉन कीट्स आणि त्याचा मित्र चार्ल्स ब्राउन यांनी पावसा-चिखलातून मल बेट पायी ओलांडले आणि मग स्टॅफा पाहिले. कीट्सने धाकट्या भावाला, टॉमला, गुहेचे वर्णन मोठ्या उत्कटतेने कळवले. मलवर जडलेल्या सर्दीने व घसादुखीने मात्र त्याला पुढचा प्रवास सोडून परतावे लागले. घरी टॉम क्षयाने अंथरुणाला खिळला होता, तो त्याच डिसेंबरात गेला, आणि तीनच वर्षांच्या आत कीट्सही गेला. चित्रकार टर्नर १८३१ मध्ये वाफेच्या बोटीने आला. त्याने १८३२ मध्ये मांडलेल्या चित्रात गुहा कड्याच्या पायथ्याशी जेमतेम जाणवते आणि नजर खेचून घेतात ते बोटीचा धूर, पाऊस आणि मावळता सूर्य. समुद्र मोठा आणि गुहा छोटी, हा निर्णय त्याने मेंडेल्सोनपासून स्वतंत्रपणे घेतला, म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. हे चित्र १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स लेनॉक्सने विकत घेतले आणि ते अमेरिकेत गेलेले टर्नरचे पहिले तैलचित्र मानले जाते. १८४७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची होडी गुहेत शिरली. १८८२ मध्ये ज्यूल व्हर्नने ‘हिरवा किरण’ या कादंबरीचा कळसाध्याय याच बेटावर रचला.

सुरुवात एका दिवसात सुचली, पण रचना पुरी होण्यास तीन वर्षे लागली, आणि अभ्यासकाला खरी गोडी वाटते ती या तीन वर्षांची. ही रचना ‘ओव्हर्चर’ या प्रकारातली आहे. ओव्हर्चर म्हणजे मुळात नाटकाच्या वा संगीतिकेच्या आधी वाजवायचे प्रास्ताविक. मेंडेल्सोनने हा प्रकार नाटकापासून सोडवून मैफलीत स्वतंत्रपणे वाजवण्याजोगा केला. पहिली संहिता त्याने ११ डिसेंबर १८३० रोजी रोममध्ये ‘एकाकी बेट’ या नावाने पुरी केली आणि काही दिवसांतच ‘हेब्रिडीज’ हे नाव घेतले. तरी समाधान होईना. २१ जानेवारी १८३२ रोजी पॅरिसहून बहीण फॅनी हिला लिहिलेल्या पत्रात त्याने मधल्या भागाविषयी तक्रार केली की, त्यात माशांचे तेल, समुद्रपक्षी आणि खारवलेले मासे यांच्यापेक्षा काउंटरपॉइंटचाच वास अधिक येतो. काउंटरपॉइंट म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकमेकींत गुंफण्याचे शास्त्र. या वाक्यात त्याची सारी कलादृष्टी सामावली आहे: ज्याच्या शास्त्रशुद्धतेबद्दल कोणालाही शंका नव्हती, असा कलावंत आपल्या रचनेतून विद्वत्ता वजा करून खारा वारा आणू पाहत होता. १४ मे १८३२ रोजी लंडनला फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलीत थॉमस ॲटवुडच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली, आणि त्यानंतरही जूनमध्ये त्याने तिच्यावर पुन्हा हात फिरवला.

बी मायनर या स्वरपट्टीतील ही रचना बॅसून, व्हिओला आणि चेलो या खालच्या सुराच्या वाद्यांनी, हलक्या आवाजात उघडते. एकच लहान, खाली उतरणारा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो, दर दोन बारांनी वरच्या जागी सरकतो, आणि वर व्हायोलिनचे लांब स्वर नुसते तरंगत राहतात. मेळ बी मायनरमधून डी मेजरमध्ये आणि तेथून एफ शार्प मायनरमध्ये जातो. या चढत्या पायऱ्यांमुळे सूर तोच असूनही प्रकाश बदलल्याचा भास होतो. बऱ्याच वेळाने चेलो आणि बॅसून यांवर डी मेजरमधली चढती, दीर्घ धून येते, जिला डोनाल्ड टोव्ही या समीक्षकाने मेंडेल्सोनची सर्वश्रेष्ठ धून म्हटले, आणि ते अतिशयोक्त नाही. तीच धून उत्तरार्धात दोन क्लॅरिनेटवर इतकी संथ होते की वादळ थांबल्याची खात्री पटावी; लगेच वादळ परत येते. यमन किंवा मारवा ऐकून मुरलेल्या मराठी कानांना ही मेळपद्धती प्रथम परकी वाटेल, तरी एका छोट्या स्वरवाक्याची बढत करत सारा अवकाश उभा करण्याची रीत त्यांना मुळीच परकी नाही, आणि येथून शिरल्यास ही रचना सहज आपली होते.

आज स्टॅफा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेच्या ताब्यात आहे. एका अमेरिकन गृहस्थाने पत्नीच्या वाढदिवसाची भेट म्हणून १९८६ मध्ये हे बेट विकत घेऊन संस्थेला दिले, आणि २००१ पासून ते राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र आहे. ओबनहून मलला फेरीबोट, मल ओलांडायला बस आणि फिओनफर्ट बंदरातून छोटी बोट असा टप्प्याटप्प्याचा मार्ग असून टोबरमोरी व आयोना येथूनही बोटी सुटतात. बेटावर साधारण तासभर मिळतो, आणि गुहेत जाऊ देतात की नाही हे भरती, वारा आणि कडा कोसळण्याचा धोका यांवर ठरते. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माथ्यावरच्या गवतात बिळे करून राहणारे रंगीत चोचींचे पफिन पक्षी दिसतात. माणसांच्या वावरामुळे शिकारी समुद्रपक्षी दूर राहत असल्याने ते पर्यटकांच्या अगदी जवळ उतरतात, म्हणून शांत बसून वाट पाहणाऱ्याला त्यांचे दर्शन धावपळ करणाऱ्यापेक्षा चांगले घडते. मेंडेल्सोनने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी प्रवास केला, तेव्हा पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने त्याची तारीख न पाळता जूनमध्ये जावे. समुद्राची लय ऐकायला जाणाऱ्याने मात्र ओबन ते टोबरमोरी हा ७ ऑगस्टचा जलमार्गच आधी करावा, कारण ते २१ बार तेथले आहेत.